फाउंड्रीसाठी जागा निवडताना: कोल्हापूर परिसरातील पूर्वतयारी

जागा पाहायला निघण्यापूर्वी आपल्या फाउंड्रीची, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याची, गरज एका कागदावर आकड्यांत मांडलेली असावी, कारण ती मांडली नसेल तर समोर येणारी प्रत्येक जागा चांगलीच वाटते. महिन्याला २०० टन चांगला माल द्यायचा असेल, तर रनर, रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठून राहणारे लोखंड) आणि नाकारले जाणारे ओतकाम धरून ३०० टनांच्या आसपास लोखंड वितळवावे लागते. टनाला साधारण ६०० युनिट धरले, तरी एकट्या विजेच्या (इंडक्शन) भट्टीला महिन्याला सुमारे १ लाख ८० हजार युनिट वीज लागेल. त्याच कागदावर रोजचे पाणी, वाळूचा साठा, दिवसाला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या, प्रत्येक पाळीतील माणसे आणि पुढच्या दहा वर्षांत वाढवायची शेड यांचेही आकडे असावेत.

त्यानंतर औद्योगिक वसाहतीतील भूखंड घ्यायचा की खासगी जमीन, हे ठरवावे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत या तिन्ही ठिकाणी पॅटर्न (साच्याचा नमुना) बनवणाऱ्यापासून मशीन शॉपपर्यंत सगळे हाकेच्या अंतरावर मिळतात, आणि लहान उद्योजकासाठी ही सोय दरातील फरकापेक्षा मोठी आहे, असे माझे मत आहे. एमआयडीसीचा (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा) भूखंड मालकीचा नसून ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो. तो मूळ धारकाकडून घेताना महामंडळाची थकबाकी, इमारत पूर्णत्वाचा दाखला, हस्तांतरण शुल्क आणि मंजूर वापर हे सर्व महामंडळाच्या कार्यालयातून लेखी तपासून घ्यावे. खासगी जमिनीचा गुंठ्याचा दर कमी दिसतो. त्यात रस्ता, वीज, पाणी आणि परवानग्यांचा खर्च मिळवूनच तुलना करावी.

कोल्हापुरात सर्वाधिक वेळ द्यावा तो पाण्याच्या पातळीला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. म्हणून जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी (वारंवार येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा पाहून आपला गट नंबर नेमका कोठे पडतो याची खात्री करावी, आणि तेवढ्यावर न थांबता गावातील वयस्कर माणसांना विचारून २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी कोणत्या बांधापर्यंत, कोणत्या भिंतीपर्यंत आले होते, ते स्वतः जाऊन पाहावे. नदीकाठची मळीची (गाळाची) जमीन उन्हाळ्यात सपाट, मोकळी आणि स्वस्त दिसते. आम्ही एप्रिलमध्ये पसंत केलेल्या एका जागेवर जुलैमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा जमीन कोरडी होती, पण तिच्याकडे जाणारी पाणंद कमरेएवढ्या पाण्याखाली होती. तो व्यवहार आम्ही तेथेच सोडला.

त्या अनुभवाने मला एक सवय लावली, ती ही, की जागेचे मोल ठरवताना जागा आणि तिचा रस्ता एकत्र धरायचा. दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक काही दिवस पूर्ण थांबली. ज्यांच्या शेडमध्ये पाण्याचा थेंबही शिरला नव्हता, त्यांचाही माल अडकला. त्यामुळे पुण्याकडे, बेळगावकडे, सांगली-मिरजेकडे आणि कोकणाकडे जाणारा प्रत्येक मार्ग कोठे बंद पडू शकतो, याची नोंद वेगळी ठेवावी. सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातून येणारी सिलिका वाळू घाटमार्गाने येते आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की ती थांबते, म्हणून दोन-तीन आठवड्यांची वाळू कोरडी राहील एवढी झाकलेली जागा आराखड्यात आधीच धरावी. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी भरणारा रस्ता कोणता, हेही हंगामातच कळते.

कागदपत्रांच्या तपासणीत घाई अजिबात करू नये. सातबारा आणि आठ-अ पाहताना केवळ मालकाचे नाव न वाचता इतर हक्काचा रकाना शब्दशः वाचावा, कारण विकास सेवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाची नोंद किंवा बहिणींचा हिस्सा तेथेच सापडतो. जुन्या संस्थानी मुलखामुळे आपल्याकडे इनाम आणि वतनाच्या जमिनी पुष्कळ आहेत, आणि भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार पुढे नेता येत नाही. मागील तीस वर्षांचे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढून वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात, आणि प्रादेशिक योजनेतील झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखली आहे याचा) मिळेपर्यंत इसार देऊ नये. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला औद्योगिक वापरासाठी शेतजमीन घेण्याची तरतूद कूळ कायद्याच्या कलम ६३-१अ मध्ये आहे. तिच्या अटी आणि वापर सुरू करण्याची मुदत खरेदीपूर्वी समजून घ्यावी. शेतीच्या वहिवाटीसाठी मिळालेला बांधावरचा रस्ता ट्रेलरच्या रहदारीला चालेल, असे गृहीत धरू नये. रस्त्याची रुंदी आणि हक्क खरेदीखतात लिहिलेला असावा.

विजेच्या बाबतीत तोंडी आश्वासनावर विसंबू नये. जवळचे उपकेंद्र किती अंतरावर आहे, ११ केव्हीच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आपला भार बसतो की ३३ केव्हीची वाहिनी ओढावी लागेल, तिचे खांब कोणाच्या शेतातून जातील आणि त्याचा खर्च कोण करील, हे महावितरणकडे अर्ज करून लेखी विचारावे. इंडक्शन भट्टीत वितळलेला धातू असताना वीज गेली, तर भट्टीभोवतीची तांब्याची कॉइल थंड ठेवणारे पाणी फिरते राहणे आवश्यक असते. म्हणून जनरेटर आणि उंचावरील पाण्याची टाकी यांची जागा आत्ताच नकाशावर दाखवावी. शेजारच्या दोन कारखान्यांची मागील वर्षाची वीजबिले पाहायला मिळाली आणि वीज किती वेळा जाते ते त्यांच्याकडून कळले, तर फार उपयोग होतो.

पाण्याचा स्रोत कायमचा आहे की टँकरचा, हे एप्रिल-मेमध्ये पाहावे.

पर्यावरणाची बाजू खरेदीपूर्वीच पाहावी, खरेदीनंतर नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषणाच्या प्रमाणानुसार केलेल्या रंगांच्या वर्गवारीत आपला उद्योग कोणत्या रंगात येतो ते तपासून, बांधकाम सुरू करण्याआधी स्थापनेची संमती आणि उत्पादनाआधी चालवण्याची संमती लागते, हे वेळापत्रकात धरावे. राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड अशा घाटालगतच्या तालुक्यांत पश्चिम घाटाच्या प्रस्तावित संवेदनशील क्षेत्रात ते गाव आहे का, हे यादीत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. वापरलेल्या वाळूची विल्हेवाट कोठे लावणार, याचे उत्तर नसेल तर जागेची निवड अपुरी आहे. पंचगंगेच्या प्रदूषणाने काठावरच्या गावांनी खूप सोसले आहे, त्यामुळे धूर आणि धूळ वस्तीकडे जाईल अशी वाऱ्याची दिशा असलेली जागा परवानगी मिळत असली तरी नाकारावी, असे मला मनापासून वाटते. गोकुळ शिरगावजवळ जागा असेल, तर उजळाईवाडीचा विमानतळ लक्षात घेऊन चिमणीच्या उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागेल का, तेही विचारावे.

जमिनीत काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कोठे लागतो, हे चार ठिकाणी खड्डे घेऊन पाहावे व प्रयोगशाळेचा अहवाल संरचना अभियंत्याला द्यावा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे भट्टीचा आणि मोल्डिंग मशीनचा पाया तिच्यावर टिकत नाही. रात्रपाळी सुटल्यावर कामगार कोणत्या वाटेने घरी जातील, त्या वाटेवर दिवे आहेत का आणि एसटी किती वाजेपर्यंत मिळते, याची चौकशीही करावी.

एवढे झाल्यावर दोन-तीन जागा उरतील. त्या प्रत्येक जागेवर इसारपावती करण्याआधी फोरमनला सोबत घेऊन एकदा पावसात आणि एकदा रात्री जावे, आणि शक्य असेल तर भरलेला ट्रक मुख्य रस्त्यापासून फाटकापर्यंत नेऊन तेथे वळवून पाहावा.