दुर्बिणीतून जठराचा बायपास: आधीची तयारी आणि नंतरचं खाणं

सकाळचं जेवण संध्याकाळी जसंच्या तसं उलटून पडतं आणि उलटीत पित्ताचा हिरवा-पिवळा रंग नसतो, तेव्हा अडथळा बहुधा जठराच्या खालच्या तोंडाशी किंवा त्याच्या जरा पुढे असतो. कारण स्वादुपिंडाची किंवा जठराची गाठ, कधी जुन्या अल्सरने आकसलेली जागा. अशा वेळी दुर्बिणीने (एंडोस्कोपने) जठर आणि अडथळ्यापलीकडचं आतडं थेट जोडून अन्नाला नवी वाट करून देतात, तोच हा बायपास.

‘रात्रीपासून उपाशी ठेवलंय’ एवढ्याने इथे भागत नाही. जठर रिकामंच होत नसल्याने दोन दिवसांपूर्वीचा भातही आत सापडतो आणि भूल देताना तो फुफ्फुसात गेला तर जिवावर बेततं. म्हणून नाकातून रायल्स ट्यूब (जठरापर्यंत जाणारी बारीक नळी) घालून पोट उपसतात. सतत उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं असतं, तेही आधी भरून काढावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. स्वतःहून बंद करू नका.

प्रक्रियेत अडथळ्यापलीकडे बारीक नळी सारून निळं रंगवलेलं सलाइन सोडतात, आतडं फुगवतात. सोनोग्राफीची सोय असलेल्या दुर्बिणीने जठरातून ते आतडं शोधतात. दोन्ही भिंतींत अंतर साधारण १० मिमीच्या आत हवं. मग १५ किंवा २० मिमी रुंदीचा, डमरूच्या आकाराचा धातूचा स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवतात: एक कड आतड्यात उघडते, दुसरी जठरात. निळं पाणी जठरात आलं की जागा बरोबर. फसतं ते बहुतेक इथेच. आतडं मागे सरकतं आणि पहिली कड पोटाच्या पोकळीत उघडते. पोटाच्या पोकळीत जास्त पाणी साठलेलं असेल तर हा मार्ग बरेचदा टाळतात.

डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी पाणी, गाळलेलं कढण, ताक. मग पातळ पेज, घोटलेलं वरण, मऊ भात. एका वेळी वाटीभर, दिवसातून सहा वेळा, बसूनच. शेवग्याच्या शेंगा, मेथीचे देठ, संत्र्याच्या फोडी, अख्खे शेंगदाणे नकोत: धागे आणि गोळे स्टेंटमध्ये अडकतात. मिसळ-पावाचा मोह तर आवराच, पावाचा चिकट लगदा होतो.

ताप, वाढती पोटदुखी, काळी शौच किंवा पुन्हा उलट्या झाल्या तर तोंडाने काहीही न देता लगेच रुग्णालय गाठा. सातारा-नगरकडून पुण्यात आलेल्यांनी सुरुवातीचे काही दिवस शहरातच मुक्काम ठेवावा. स्टेंटचं कार्ड जपून ठेवा. एमआरआयआधी ते मागतात.