ट्रायड घोटायचे तर सहाही बाजूंनी

कॉलनीच्या गणपतीत गाणारीने ऐन वेळी मधूनच सुरुवात केली आणि माझी बोटं सवयीने 'सा'कडे पळाली. दोन वर्षं गिटारवर आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकदम न वाजवता एकेक करून वाजवणं) नुसता वर-खाली घोटल्याचं ते फळ.

उपाय आमच्या इंदूरमध्येच होता. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) इथलेच, आणि त्यांच्या गायकीत मेरुखंडाला मोठा मान. घेतलेले सूर जितक्या क्रमांनी लावता येतील तितक्या क्रमांनी लावायचे, म्हणजे मेरुखंड. सात सुरांचे ५०४० क्रम होतात. ते गवय्यांनी बघावं. ट्रायड म्हणजे तीन सुरांची कॉर्ड; तिला तीनच सूर, म्हणजे सहाच क्रम: सागप, सापग, गसाप, गपसा, पसाग, पगसा.

सी मेजर घ्या, सी म्हणजे सा. तिसऱ्या तारेवर पाचवी फ्रेट, म्हणजे पडदा (सा), दुसरीवर पाचवी (ग), पहिलीवर, म्हणजे सर्वांत बारीक तारेवर, तिसरी (प). सहाही क्रम तोंडाने म्हणत वाजवा. म्हणताना लाज वाटते, माहीत आहे. मी पोहे फोडणीला पडायच्या आत, दार लावून उरकतो.

पिक (तार छेडायची चकती) एकदा खाली, एकदा वर, न चुकता. गंमत अशी की गट तिनाचा, त्यामुळे पहिला गट खालच्या फटक्याने सुरू झाला की दुसरा आपोआप वरच्याने सुरू होतो. शिवाय 'सापग'मध्ये मधली तार ओलांडावी लागते. इथेच हात अडखळतो, म्हणून इथेच जास्त वेळ द्या. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, ठोक्याला एक सूर: सहा क्रम १८ सेकंदांत होतात. तीन दिवस एकही सूर घसरला नाही तरच ६५.

सूर एकमेकांत सांडले तर तो आर्पेजिओ नाही, कॉर्डच झाली. सूर वाजला की बोट उचलू नका, नुसता दाब सोडा. टेकलेलं बोटच तार गप्प करतं.

मग तेच सूर वर सरकवा: तिसऱ्या तारेपासून फ्रेट ९-८-८ (ग-प-सा), नंतर १२-१३-१२ (प-सा-ग). ९-८-८ मध्ये तर्जनी दोन तारांवर येते. ती आडवी दाबून ठेवली की दोन्ही सूर घुमत राहतात, म्हणून लोळवायची: टोकाने दुसरी तार, पेराने पहिली. मला याला महिना लागला, भाच्याला आठवडा. असो.

मायनरला फक्त 'ग' एक फ्रेट मागे: ५-४-३, ८-८-८, १२-१३-११.

हे बसलं की गाण्याकडे वळा. सी ५-५-३, एफ ५-६-५, जी ४-३-३; हात तिसऱ्या ते सहाव्या फ्रेटमध्येच राहतो. प्रत्येक कॉर्डला वेगळा क्रम घ्या, आणि सुरुवात त्या कॉर्डच्या 'सा'वरून, म्हणजे मूळ सुरावरून, करू नका.