आधी क्रियापद शोधा: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी इंग्रजी वाचनाचा सराव

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला विज्ञान, हा रस्ता महाराष्ट्रात दरवर्षी हजारो मुलंमुली धरतात. परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून मीही तोच धरला. अकरावीला पाठ्यपुस्तक, फळा, प्रयोगवही, प्रश्नपत्रिका असं सगळंच एकदम इंग्रजीत येतं. आपल्या राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, म्हणजे तोवर दहा वर्षं इंग्रजी होऊन गेलेलं असतं. तरीही जीवशास्त्राच्या एका पानाला तास जातो आणि तासाभरानं ‘काय वाचलंस?’ असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. आता मी वनस्पतिशास्त्र शिकवते. दरवर्षी नव्या तुकडीत अशी मुलं असतात आणि त्यातली बरीचशी हुशार असतात. दहावीला विज्ञानात नव्वदच्या पुढे मार्क मिळवलेली मुलगी पहिल्या चाचणीनंतर ‘मॅडम, मी आर्ट्सला जाऊ का?’ असं विचारते तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण तिचं विज्ञान पक्कं असतं. तिचं अडतं ते वाक्यावर.

शाळेत व्याकरण झालेलं नसतं असं नाही. ‘डू ॲज डायरेक्टेड’ या प्रश्नात कर्तरी-कर्मणी करा, ‘नो सूनर दॅन’ वापरा, ‘टू’ काढून टाका, हे सगळं घोटून घेतलेलं असतं आणि त्याचे मार्कही मिळतात. पण तो सराव सुट्या, आठ-दहा शब्दांच्या वाक्यांवरचा. अकरावीच्या पुस्तकातलं वाक्य पंचवीस शब्दांचं असतं आणि त्यात तीन क्रियापदं असतात. तिथे काळांचा तक्ता कामाला येत नाही. तिथे एकच गोष्ट आधी करायची: मुख्य क्रियापद शोधायचं.

आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘धरणातून सोडलेलं पाणी संध्याकाळपर्यंत शेतात पोचलं.’ शेवटपर्यंत वाचत गेलं की ‘पोचलं’ आपोआप हाती लागतं, ते शोधावं लागत नाही. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग मधेच कुठेतरी येतं आणि कर्ता लांबलचक असला की ते त्या गर्दीत दिसेनासं होतं. हेच वाक्य इंग्रजीत घ्या: ‘द वॉटर रिलीज्ड फ्रॉम द डॅम रीच्ड द फील्ड्स बाय ईव्हनिंग.’ माझ्या वर्गातली बहुतेक मुलं ‘द वॉटर रिलीज्ड’ इथपर्यंत येतात आणि ‘पाणी सोडलं’ असा अर्थ लावून मोकळी होतात. मग पुढचं ‘रीच्ड’ कुठे बसवायचं ते कळत नाही आणि अख्खं वाक्य विस्कटतं. मराठीत ‘सोडलं’ आणि ‘सोडलेलं’ ही रूपं वेगळी आहेत, त्यामुळे गोंधळाला जागाच नसते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘रिलीज्ड’च.

म्हणून मी त्यांना एक खूण सांगते. नामाच्या लगेच पुढे ‘-ईडी’ लागलेला शब्द दिसला आणि वाक्यात पुढे आणखी एक क्रियापद असलं, तर पहिल्याला ‘-लेला, -लेली, -लेलं’ लावून बघा. ‘-आयएनजी’ लागलेला शब्द नामाला असाच चिकटून आला आणि त्याच्या आधी ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ नसलं, तर ‘-णारा, -णारी, -णारं’ लावून बघा. ‘द रिव्हर फ्लोइंग थ्रू नाशिक इज द गोदावरी’ म्हणजे नाशिकमधून वाहणारी नदी. मुख्य क्रियापद ‘इज’. ‘प्लांट्स ग्रोइंग इन सलाइन सॉइल’ म्हणजे खाऱ्या जमिनीत वाढणारी झाडं. इथे अजून वाक्य सुरूच झालेलं नाही, क्रियापद पुढे यायचंय. शास्त्राच्या पुस्तकांत ही रचना पानापानावर असते. एवढं एक बसलं की निम्मा अभ्यासक्रम वाचता येतो, असं मी वर्गात सांगते आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ यांचंही असंच. आपल्याकडे ‘जी झाडं सावलीत वाढतात, त्यांना ऊन कमी मिळतं’ असं जी-त्यांना जोडून दोन तुकडे सरळ मांडतात. इंग्रजी यातला पहिला तुकडा दुसऱ्याच्या पोटात घालतं: ‘द प्लांट्स दॅट ग्रो इन द शेड रिसीव्ह लेस लाइट.’ वाचताना पेन्सिलीनं ‘दॅट’पासून ‘शेड’पर्यंत कंस करा. कंसाबाहेर उरतं ते ‘द प्लांट्स रिसीव्ह लेस लाइट’. कंस आधी बाजूला ठेवून उरलेलं वाक्य समजून घ्यायचं, मग कंस उघडायचा. कधीकधी ‘दॅट’ लिहिलेलाच नसतो (‘द सीड्स वुई सोड लास्ट वीक’ म्हणजे गेल्या आठवड्यात आपण पेरलेलं बी), तेव्हा नामाला लागूनच दुसरं नाम किंवा सर्वनाम आलं की थबकायचं.

हा पेन्सिलीचा उद्योग पहिले काही आठवडे रोज एकाच परिच्छेदावर करा. पूर्ण धडा घेऊ नका. परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्याच्या मुख्य क्रियापदाखाली रेघ, लांब कर्त्याला कंस, आणि शेवटी तो परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. मोठ्यानं वाचण्यावर मी अडून बसते. कुठे थांबायचं ते जिभेला कळलं नाही, तर वाक्य डोक्यालाही कळलेलं नसतं.

आता व्याकरणाकडे. काळ पाठ करायचे नाहीत असं मी म्हणत नाही, पण प्रत्येक काळ वाचताना कुठला अर्थ देतो ते बघायचं. मराठी माणसाला हमखास नडणारा शब्द म्हणजे ‘हॅड’. आपण ‘काल मी मुंबईला गेले होते’ असं सहज म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘आय हॅड गॉन टू मुंबई येस्टरडे’ तोंडात येतं. तिथे साधं ‘आय वेंट’ पुरतं. ‘हॅड’ लागतो तो भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची कुठली ते सांगायला. ‘व्हेन वुई रीच्ड द स्टँड, द एसटी लेफ्ट’ म्हणजे आपण पोचलो आणि मग गाडी सुटली. ‘द एसटी हॅड लेफ्ट’ म्हणजे आपण पोचायच्या आधीच गेली होती, आता पुढची येईपर्यंत बसा. प्रयोगाच्या वर्णनात हा फरक मोठा असतो: द्रावण तापवल्यावर रंग बदलला, की तापवायच्या आधीच बदललेला होता?

तसंच ‘हॅज’. ‘ती दहा वर्षांपासून इथे काम करते’ यात आपण वर्तमानकाळ वापरतो. इंग्रजीत ‘शी हॅज वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’. ‘वर्क्ड’ बघून ती नोकरी सोडून गेली असं समजू नका, ती अजून तिथेच आहे. ‘हॅज’ काढलात तर मात्र गेली. या वाक्यात ‘सिन्स टेन इयर्स’ चालत नाही, ‘सिन्स’पुढे सुरुवातीचा क्षण हवा: सिन्स 2015, सिन्स मॉर्निंग.

कर्मणी प्रयोग शाळेत कंटाळवाणा वाटतो, पण शास्त्राच्या वाचनात त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. ‘इज कॉल्ड’, ‘आर फाउंड इन’, ‘इज मेड अप ऑफ’, ‘वॉज डिस्कव्हर्ड बाय’ ही चार-पाच वळणं ओळखीची झाली की व्याख्या वाचायला वेळ लागत नाही.

आर्टिकलचे नियम पाठ करत बसण्यापेक्षा वाचताना एवढंच बघा: पहिल्यांदा ‘अ सेल’ आलं आणि पुढे ‘द सेल’, तर ती मघाचीच पेशी.

शब्दांबद्दल सगळ्यांची एकच तक्रार असते, ‘व्होकॅब कमी पडतं’. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मोठे शास्त्रीय शब्द आपण लवकर शिकतो, कारण त्यांची व्याख्या असते, आकृती असते, परीक्षेत ते येतात. अडवतात ते छोटे जोडणारे शब्द: ऑलदो, अनलेस, व्हेअरअॅज, हेन्स, डिस्पाइट, प्रोव्हायडेड. ‘सीड्स डू नॉट जर्मिनेट अनलेस दे गेट वॉटर’ या वाक्यात ‘अनलेस’च्या पोटात एक नकार दडलेला आहे: पाणी मिळाल्याशिवाय बी रुजत नाही. ‘अनलेस’ म्हणजे ‘जर’ एवढंच डोक्यात असेल तर अर्थ बरोब्बर उलटा होतो. अशा शब्दांसाठी एक वेगळी वही करा आणि शब्दापुढे नुसता अर्थ न लिहिता तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य उतरवा. शब्दकोश इंग्रजी-मराठी असू द्या, त्यात कमीपणा नाही. सोबत शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी-इंग्रजी कोशही ठेवा, कारण ‘इन्फॉर्मेशन’, ‘इक्विपमेंट’, ‘ॲडव्हाइस’ यांचं अनेकवचन होत नाही हे तिथे खुणेनं दाखवलेलं असतं.

वाचायचं काय, हा पुढचा प्रश्न. ‘रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच’ हा सल्ला प्रत्येकाला मिळतो आणि सुरुवातीला तो मला चुकीचा वाटतो. अग्रलेखात भाषा अवघड असते आणि विषयही परका असतो, दोन्हीकडून मार बसतो. पेपर वाचायचाच तर आदल्या दिवशी घडलेली एखादी बातमी आधी मराठीत वाचा, मग तीच इंग्रजीत. काय घडलंय ते माहीत असल्यामुळे सगळं लक्ष वाक्यावर राहतं. मथळ्यांवरून मात्र व्याकरण शिकू नका, त्यांचं व्याकरण निराळं असतं. ‘मिनिस्टर टू व्हिजिट लातूर’ म्हणजे मंत्री जाणार आहेत, ‘थ्री हर्ट इन ॲक्सिडेंट’ म्हणजे तिघं जखमी झाले. ‘इज’, ‘आर’, ‘वेअर’ आणि आर्टिकल तिथे जागेअभावी गाळतात आणि घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात.

सोप्या इंग्रजीतलं साहित्य मुद्दाम तयार केलेलं असतं, ते वापरा. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारच्या रेडिओनं 1959 मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ नावानं बातम्या सुरू केल्या, सुमारे 1500 शब्दांत, छोट्या वाक्यांत आणि सावकाश वाचलेल्या. विकिपीडियाचीही ‘सिंपल इंग्लिश’ नावाची स्वतंत्र आवृत्ती आहे. फोटोसिंथेसिसवरचा लेख आधी तिथे वाचून मग मुख्य आवृत्तीत वाचला तर फार सोपा जातो. ऐकत-ऐकत वाचायचं असेल तर बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ आहे, त्यासोबत पूर्ण संवाद लिहिलेला मिळतो.

पण मराठी माध्यमाच्या मुलांकडे याहून मोलाचं एक साधन आहे आणि ते फारसं कुणी वापरत नाही याची मला हळहळ वाटते. बालभारतीची विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत निघतात. तेच धडे, तोच क्रम, त्याच आकृत्या. दोन्ही पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दहावीच्या भाग 1 मधला पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा, तो तुम्ही मराठीत परीक्षेपुरता घोटलेला आहे. आता तोच इंग्रजीत उघडा. मुक्त पतन म्हणजे फ्री फॉल आणि मुक्तिवेग म्हणजे एस्केप व्हेलॉसिटी हे कुणी सांगावं लागत नाही, शेजारच्या पानावर दिसतं. समजलेल्या गोष्टीवर भाषेचा सराव करायला मिळणं ही चैन आहे. अकरावीच्या पुस्तकात विषयही नवा आणि भाषाही नवी, तिथे ती मिळत नाही.

हे करताना एक पाऊल पुढे जा. मराठी पुस्तकातला एक परिच्छेद स्वतः इंग्रजीत लिहा आणि मग इंग्रजी पुस्तकाशी ताडून बघा. जिथे तुमचं वाक्य वेगळं निघालं तिथेच तुमचं व्याकरण कच्चं आहे, आणि ते कुठल्याही गाइडपेक्षा नेमकं कळतं. ही रीत जुनी आहे. सोळाव्या शतकात रॉजर ॲस्कम हे इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथचे शिक्षक होते. लॅटिनचा उतारा इंग्रजीत करायचा, मग मूळ मिटून इंग्रजीवरून पुन्हा लॅटिन लिहायचं आणि मुळाशी ताडायचं, असा सराव ते सांगत. म्हणजे इंग्रजांनाही परकी भाषा शिकताना आपल्या भाषेचा आधार लागत होता. ‘मराठीत विचार करू नकोस’ असं तुम्हाला कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका. वाक्य मराठीत नीट समजतं ते इंग्रजीतही नीट मांडता येतं.

यासाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावीचे वर्ग भरेपर्यंतचे महिने. प्रवेशाच्या फेऱ्या, कागदपत्रं, दाखले यात ते उडून जातात. त्यातला सकाळचा एक तास काढा. गुरुत्वाकर्षणाचा धडा वर मी नुसता नमुन्याला घेतला, सुरुवात मात्र भाग 1 पासून करू नका, त्यात सूत्रं आणि उदाहरणं जास्त आणि सलग मजकूर कमी. भाग 2 घ्या, त्यातला पहिला आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा. उजवीकडे इंग्रजी, डावीकडे मराठी, हातात पेन्सिल. मोबाइलवर दोन पीडीएफ शेजारी-शेजारी नीट दिसत नाहीत आणि पेन्सिलही चालत नाही, म्हणून निदान इंग्रजी धड्याच्या झेरॉक्स काढून घ्या. मराठी पुस्तक रद्दीत टाकू नका, धाकट्या भावंडाला द्यायचं असेल तर वर्षभरानं द्या.