प्रतिपालक व्हायचंय? खान्देशातल्या घरांसाठी पहिल्या तीन महिन्यांची तयारी

‘आम्हाला मूल घ्यायचंय,’ असं सांगत लोक जिल्हा बाल संरक्षण कक्षात येतात, आणि त्या ‘घ्यायचंय’मध्ये तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. दत्तक म्हणजे मूल कायद्यानं तुमचं होतं. बालसंगोपन योजनेत (आता नावाआधी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले लागतं) मूल बहुधा आई, आजी, मामा यांच्याकडंच राहतं आणि त्याच्या खर्चाला महिना 2250 रुपये मिळतात. प्रतिपालकत्वात, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, नात्यात नसलेलं मूल बाल कल्याण समितीच्या आदेशानं तुमच्या घरी राहतं. आईबाप त्याचे तेच राहतात, आडनावही तेच. कलम 44, बाल न्याय अधिनियम 2015. मुदत वर्षापर्यंतची असते किंवा त्याहून लांब. मनात दत्तकच असेल तर तसं स्पष्ट सांगा. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं झालेलं असेल तर 2 वर्षांच्या प्रतिपालकत्वानंतर दत्तकाचा मार्ग आहे, पण तो हमखास धरून मूल घरी आणलं की आईच्या प्रत्येक भेटीला तुमच्या पोटात गोळा येतो आणि मुलाला तो कळतो.

पात्रतेचं थोडक्यात. जोडप्याचं एकत्रित वय किमान 70 आणि लग्नाला किमान 2 वर्षं झालेली. एकट्या व्यक्तीलाही आता अर्ज करता येतो, वय 35 पासून. मात्र एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा दिला जातो. मूल साधारणपणे 6 वर्षांच्या पुढचं. तान्हं बाळ मिळेल या आशेनं नोंदणी करू नका. नोंदणी केअरिंग्ज या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर. आधार, पॅन, उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय दाखला आणि पोलिसांची चारित्र्य पडताळणी हे आधी जमवा. पडताळणीला सगळ्यात जास्त दिवस जातात. मग गृहभेट होते. त्या दिवशी घर रंगवून ठेवायची गरज नाही. येणारा कार्यकर्ता मूल झोपणार कुठं, संडासाला रात्री जायला उजेड आहे का, घरातल्या म्हाताऱ्यांना हे खरंच मान्य आहे का, हे बघतो. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत तर त्याचीही नोंद होते, आणि व्हायलाच हवी.

प्रशिक्षणात कायदा, बालहक्क, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), तक्रार कुठं करायची, हे सांगतात. ते लागतंच. पण घर दमतं ते उशीखालच्या भाकरीवरून, ओल्या गादीवरून आणि गल्लीतल्या प्रश्नांवरून. म्हणून प्रशिक्षणाला जाताना प्रश्न लिहून न्या: हे मूल रात्री किती वेळा उठतं? कशाला घाबरतं? शेवटचं कुणाला भेटलं? भावंडं आहेत का आणि कुठं आहेत? (भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं असं कायदाच म्हणतो.) उत्तर ‘मूल चांगलं आहे’ एवढंच आलं तर बालगृहात त्याच्याबरोबर राहणाऱ्या काळजीवाहक ताईंशी बोलू द्या म्हणून आग्रह धरा. फाइलमध्ये नसतं ते त्यांना माहीत असतं.

आता भाकरी. उपास घडलेलं मूल अन्न लपवतं: उशीखाली, दप्तरात, कपाटाच्या मागं. चार दिवसांनी मुंग्या लागतात, बुरशीचा वास येतो आणि घरात ‘चोर’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला जातो. तो उच्चारू नका. झाकणाचा एक स्टीलचा डबा घ्या, त्याच्या हातानं त्याचं नाव लिहून चिकटवा, त्यात फुटाणे, शेंगदाणे, गूळ भरा आणि तो त्याच्या बिछान्याजवळ ठेवा. रोज संध्याकाळी त्याच्या देखत भरायचा, रिकामा झाला असेल तरी काही न बोलता. लपवणं लगेच थांबत नाही, आठवडे लागतात, कधी महिने. मध्येच ‘आता पुरे’ म्हणून डबा उचलला की सगळं पहिल्या दिवसावर येतं. स्वयंपाकघराला कुलूप हा तर सगळ्यात महाग उपाय.

ताटात काय वाढायचं याचाही विचार हवा. बालगृहातून आलेल्या पोटाला काळ्या मसाल्याची शेवभाजी पहिल्याच रात्री झेपत नाही. पाहुण्यासारखं कौतुक म्हणून झणझणीत रस्सा वाढतात आणि रात्रभर पोट दुखतं. आठवडाभर वरण-भात, खिचडी, दूध-भाकरी. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत हळूहळू.

गादी ओली करणं आठ-दहा वर्षांच्या मुलातही होतं, जागा बदलल्यावर तर हटकून. गादीवर रबरी कापड, वर चादर, त्यावर पुन्हा रबरी कापड आणि चादर अशा दोन थरांत अंथरा. रात्री वरचा थर काढला की खाली कोरडं तयार असतं. दिवा लावून सगळं घर उठवावं लागत नाही. पाणी तोडू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 ला जातो. पाणी दिवसा भरपूर द्या, संध्याकाळी सहानंतर थोडं कमी. बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग ही दोन कारणं डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. आणि गोधडी मागच्या अंगणात किंवा गच्चीवर वाळवा. रस्त्याकडच्या दोरीवर टाकली की शाळेत जाईपर्यंत बातमी पोचलेली असते.

तपासणीचा विषय निघालाच आहे तर: नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागातलं मूल असेल तर सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) अहवाल फाइलमध्ये आहे का ते बघा. सोल्युबिलिटी चाचणी म्हणजे नुसती चाळणी. ती पॉझिटिव्ह आली असेल तर आजार नक्की करणारी पुढची चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, झाली का ते विचारा. आजार असलेल्या मुलाला पाण्याची कमतरता आणि थंडी या दोन्हींनी त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून शाळेत पाण्याची मोठी बाटली आणि वर्गात पाणी प्यायची परवानगी. अचानक हातपाय, छाती दुखली किंवा ताप आला तर घरी वाट बघायची नाही. ‘रक्त कमी दिसतंय’ म्हणून लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करायच्या नाहीत.

भाषेची अडचण इथं वेगळीच आहे. मूल पावरी किंवा भिली बोलणारं, घर अहिराणी, शाळा पुस्तकी मराठी. गप्प बसलेल्या मुलाला लोक हट्टी म्हणतात. बरेचदा त्याला शब्दच सापडत नसतो. भूक, तहान, दुखतंय, भीती वाटते, संडास, नको, आई अशा पंधरा-वीस गोष्टींचे त्याचे शब्द त्याच्याकडून शिकून घ्या आणि भिंतीवर लावा. मोठी माणसं चुकीचं उच्चारतात आणि मूल हसतं, तो दिवस घरातल्या चांगल्या दिवसांत धरा.

शाळाप्रवेशाला दाखल्यावाचून अडवलं तर शिक्षण हक्क कायदा 2009 दाखवा: 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावंच लागतं, शाळा सोडल्याचा दाखला नसला तरी. फॉर्मवर ‘वडिलांचं नाव’ या रकान्यात त्याच्या वडिलांचंच नाव लिहायचं. प्रेमापोटी स्वतःचं नाव लिहिलं की पुढं जातीचा दाखला आणि पडताळणी दोन्ही अडकतात, आणि आदिवासी मुलाचं तर त्यात आयुष्याचं नुकसान. पालकाच्या सहीच्या जागी तुमची सही, सोबत समितीच्या आदेशाची प्रत.

गल्लीतली आजी विचारणारच, ‘तुनी माय कोठे शे रे?’ त्याचं उत्तर मुलाबरोबर बसून आधी ठरवा. ते छोटं आणि खरं असावं: ‘आई गावी आहे, मी इथं शिकतो.’ मायबाप मेले, असं सोयीसाठी सांगू नका. मुलाचा फोटो, नाव, पार्श्वभूमी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकू नका. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरचा फोटो कितीही गोड असला तरी. ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली गुन्हा आहे.

आईबापांच्या भेटी समिती ठरवते. इथं दिनदर्शिकेपेक्षा हंगाम बघावा लागतो. दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडं जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्या काळात महिन्याची भेट कागदावरच राहते. आधीच फोनचा वार आणि वेळ ठरवून ठेवा. धडगावहून घाट उतरून येणाऱ्या आईची एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती आली नाही तर ‘तिला पडलीच नाही’ असं मुलासमोर म्हणू नका. भेटीनंतर दोन-तीन दिवस मूल चिडचिडं होतं, न जेवता झोपतं, कधी मारतं. त्यावर ‘भेटी बंद करा’ असा अर्ज करण्याआधी डायरी बघा.

डायरी म्हणजे पानांना क्रमांक घातलेली साधी वही. रोज चार ओळी, दहा मिनिटं. ‘आज वाईट वागला’ ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. ‘सकाळी 7:40, दप्तर फेकलं. आधी शेजारच्या मुलानं बुटावरून चिडवलं होतं. मी बाजूला बसले, दहा मिनिटांत शांत. शाळेत गेला.’ ही नोंद चालते: आधी काय घडलं, काय झालं, नंतर काय केलं. दर महिन्याच्या पाहणीत ही वही पुढं ठेवली की समुपदेशकाला धागा सापडतो. कधी तुमच्यावरच आरोप झाला तर हीच वही तुमच्या बाजूनं बोलते. मारहाण, खोलीत कोंडणं, उपाशी ठेवणं पूर्ण बंद; त्याच अधिनियमाचं कलम 75 (मुलाशी क्रूरता) तुमच्या घरातही लागू आहे. मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर खोदून विचारू नका, त्याचेच शब्द लिहा आणि त्याच दिवशी पोलिसांना किंवा 1098 या बाल मदत क्रमांकावर कळवा. न कळवणं हा पोक्सोखाली गुन्हा आहे.

पैशाबद्दल स्पष्ट: मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत महिना 4000 रुपये मदतीची तरतूद आहे. हप्ता उशिरा येईल असं धरूनच घर आखा. तीन महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर थांबा. खर्चाच्या पावत्या डायरीच्या मागच्या पानांत. लग्नाला सुरतेला न्यायचं असेल तर समितीला आधी लेखी कळवा. सीमेपलीकडं रेल्वेत कुणी विचारपूस केली तर आदेशाची प्रत जवळ हवी.

स्वतःची मुलं असतील तर त्यांना आठवड्यातून एक तास फक्त त्यांचा द्या, आणि कपाटं, बिछाने सुरुवातीपासून वेगळे ठेवा. दमल्यावर कक्षाला सांगायला लाजू नका. ‘आता होत नाही’ हे दुसऱ्या महिन्यात सांगितलं तर समुपदेशन होतं. सहाव्या महिन्यात सांगितलं तर मूल परत जातं.

मूल आपल्या घरी परत जाणार असेल तर तारीख त्याला निदान दोन आठवडे आधी सांगा. पिशवीत आरोग्याचे कागद, शाळेचे कागद, चालू औषधं आणि तुमच्या घरातले फोटो, मागं नावं लिहून. त्याचा डबा भरून द्या. गोधडीही द्या, आणि कोरडी असेल तर शेवटच्या आठवड्यात धुऊ नका. नव्या जागी पहिल्या रात्री ओळखीचा वास लागतो.