चिनी क्रांतीतील प्रांतिक सेनानींवर टिपण कसे लिहावे
कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षेसाठी टिपण काढणाऱ्याने सुरुवात क्रांतीचे नेते सन यत्-सेन यांच्यापासून न करता १० ऑक्टोबर १९११ च्या, चिंग राजवटीविरुद्धच्या वुचांग उठावापासून करावी, कारण त्या वेळी सन परदेशात होते आणि अनेक प्रांतांतील सत्ता ‘नव्या सैन्या’च्या (चिंग राजवटीनेच उभारलेल्या आधुनिक सैन्याच्या) अधिकाऱ्यांच्या हाती गेली. प्रत्येक नावापुढे तो नेता स्वेच्छेने उतरला की ओढला गेला, याची नोंद करावी. हूपेचे ली युआनहोंग बंडखोरांच्या दबावाखालीच लष्करी गव्हर्नर झाले. शान्सीचे यान शीशान थोडक्यात आटोपावेत. युन्नानच्या त्साय अ यांना मात्र (माझ्या मते सर्वांत लक्षवेधी तेच) अधिक जागा द्यावी, कारण १९१५ मध्ये प्रजासत्ताकाचे अध्यक्ष युआन शिकाई सम्राट होऊ पाहताच त्यांनी तेथूनच शस्त्र उचलले.