नायट्रोजन-डोप्ड ग्राफीन सेन्सरचं घसरणारं शिखर: माझा अनुभव

ग्लासी कार्बन (काचेसारखा गुळगुळीत कार्बन) इलेक्ट्रोडवर नायट्रोजन-डोप्ड ग्राफीनचा, म्हणजे नायट्रोजनचे अणू मिसळलेल्या कार्बनच्या अतिपातळ पत्र्यांचा, थर देऊन डोपामिन हे मेंदूतलं रसायन मोजत होतो. व्होल्टेज चढवत न्यायचं (हा एक स्कॅन) आणि डोपामिनचं ऑक्सिडेशन होताना प्रवाहाचं शिखर किती उंच येतं ते बघायचं. पहिल्या स्कॅनला शिखर झकास, पुढे दर स्कॅनला थोडं बुटकं. त्यात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (व्हिटॅमिन सी) घातलं की दोघांची शिखरं एकमेकांत मिसळायची.

संशय आधी डोपिंगवर गेला. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे अणू ओळखणारी चाचणी) मात्र पिरिडिनिक (जाळीच्या कडेचा) नायट्रोजन ३९८.५ आणि ग्राफिटिक (जाळीच्या आतला) ४०१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास व्यवस्थित दिसत होता. मग थर सुटतोय का? इलेक्ट्रोड धुऊन कोऱ्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं, डोपामिन नसलेलं द्रावण) स्कॅन घेतला. कपॅसिटिव्ह प्रवाह (पृष्ठभागावर नुसता भार साठताना वाहणारा, पृष्ठभाग जितका मोठा तितका जास्त) जवळपास तेवढाच. थर सुटला असता तर तो चांगलाच घटला असता. उरलं एकच कारण: ऑक्सिडेशननंतर डोपामिनपासून तयार होणारा पॉलिमर पृष्ठभागावर साचत होता.

व्होल्टेजची वरची मर्यादा शिखराच्या जरा पुढेच थांबवली आणि दोन मोजण्यांमध्ये कोऱ्या बफरमधले काही स्कॅन ठेवले. घसरण बरीच आटोक्यात आली.

अ‍ॅस्कॉर्बिकसाठी वरून नॅफिऑन या पॉलिमरचा पातळ थर दिला. ७.४ पीएचला डोपामिन धनभारित, तर आम्लाचा आयन म्हणजे अ‍ॅस्कॉर्बेट ऋणभारित. नॅफिऑनमधले सल्फोनेट गटही ऋणभारित, म्हणून ते अ‍ॅस्कॉर्बेटला लांब ठेवतात. थर जाड झाला की प्रतिसाद सुस्तावतो, त्यामुळे इथे कंजूषपणाच बरा.

आणि हो, नॅफिऑननंतर इलेक्ट्रोडची तपासणी फेरीसायनाइड या नेहमीच्या चाचणी-रसायनाने करू नका. तेही ऋणभारित असल्यामुळे चांगला इलेक्ट्रोड मेल्यासारखा दिसतो. त्याऐवजी धनभारित हेक्झाअमाइन रुथेनियम वापरा.