जस्ताची कल्हई: बॅटरीच्या कोटिंगवर काम सुरू करताना

पीएच.डी.ला लागले तेव्हा आईने विचारलं, नक्की करतेस काय? म्हटलं, बॅटरीतल्या धातूवर पातळ थर चढवते, म्हणजे तो खराब होत नाही. "म्हणजे कल्हईच की," ती म्हणाली. तेव्हा राग आला होता. नेटची परीक्षा काढून कल्हई? आता पाचव्या वर्षी वाटतं, याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही. भानगड एवढीच, की पितळेचं पातेलं कल्हई केल्यावर आहे तेवढंच राहतं. आमचं पातेलं दर चार्जला फुगतं, दर डिस्चार्जला आटतं, आणि तरी कल्हईला तडा जाता कामा नये.

नव्याने या विषयात येणारी मुलं विचारत असतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मोबाईलच्या बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं. ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास ही त्याची साठवण. तिथे निव्वळ लिथियम धातू ठेवला तर आकडा ३८६० वर जातो. मग ठेवत का नाहीत? ठेवून पाहिलाय. १९७०च्या दशकात एक्झॉनमध्ये स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूचीच बॅटरी केली होती. पण चार्ज होताना लिथियम सपाट बसत नाही, त्याचे काटे वाढतात. हे काटे, म्हणजे डेंड्राइट, सेपरेटर (दोन बाजू वेगळ्या ठेवणारा पडदा) भेदून पलीकडे गेले की शॉर्ट, आणि नशीब वाईट असेल तर आग. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या बॅटरीत धातूऐवजी कार्बन होता. आता जास्त साठवण हवी म्हणून सगळे पुन्हा धातूकडे वळलेत, आणि काट्यांना आवर घालायला वर थर चढवताहेत.

मी जस्तावर काम करते, आणि नवीन माणसाने जस्तापासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. लिथियमला आर्गॉन भरलेला ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी, लागतो. नायट्रोजन चालत नाही, कारण लिथियम साध्या तापमानालाही नायट्रोजनशी संयोग पावतं. एका ग्लोव्ह बॉक्समागे अकरा माणसं असली की तुमचा नंबर रात्री साडेनऊला लागतो. जस्ताला टेबल पुरतं. पाण्यात विरघळवलेलं दोन मोलर झिंक सल्फेट, पॉलिश पेपर, कॉइन सेल (नाण्याएवढी बॅटरी) दाबून बंद करायचा क्रिम्पर, झालं. सेल बिघडला तर आग लागत नाही, तो नुसता फुगतो. ग्रॅममागे साठवण ८२०च, पण जस्त जड असल्यामुळे तेवढ्याच जागेत ते लिथियमच्या अडीचपटीहून जास्त साठवतं. गाडीसाठी नाही, पण सौर पॅनेलशेजारी एका जागी ठेवायच्या बॅटरीसाठी याचा विचार होतो.

जस्ताची दुखणी एकमेकांत गुंतलेली आहेत. पृष्ठभागावर हायड्रोजन सुटतो, त्यामुळे तिथलं आम्ल कमी होतं, मग झिंक हायड्रॉक्साइड सल्फेटची पांढरी खपली धरते, खपलीमुळे पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि पुढचं जस्त उंचवट्यांवरच जाऊन बसतं. काटे तिथून सुरू होतात.

कोटिंगने ही साखळी तोडायची. अट एकच, पण ती मी पहिल्या वर्षी धाब्यावर बसवली होती: थरातून आयन गेले पाहिजेत, इलेक्ट्रॉन नाही. मी उत्साहाने कार्बनचा थर दिला. तो वीजवाहक, त्यामुळे जस्त थराखाली न बसता बरंचसं वरच बसलं. म्हणजे कल्हईवरच गंज. मग साध्या गोष्टींकडे वळले. चुनखडीतलं कॅल्शियम कार्बोनेट, चिनी माती, टायटॅनियम डायऑक्साइड यांचे थर जस्तावर देऊन लोकांनी सुधारणा दाखवलेली आहे. छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी असली की जस्त एकाच जागी गर्दी करत नाही.

आता हाताच्या कामाबद्दल, कारण हे पेपरांत सापडणार नाही. पंचने फॉइलची गोल तबकडी कापली की कडेला बारीक धार उभी राहते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. ती दाबून सपाट केली नाही तर सेपरेटरमध्ये घुसते, आणि तुम्ही महिनाभर डेंड्राइटला शिव्या घालत बसता. माझे पहिले नऊ सेल असेच गेले. थर घाईने वाळवला तर उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडतात, आणि जस्त नेमकं भेगेतून वर येतं. एनएमपी हे द्रावक वापरत असाल तर फ्यूम हूड आणि हातमोजे हवेतच, ते विषारी आहे. वाळलेल्या थरावर चिकटपट्टी लावून उपटून बघा. पट्टीबरोबर थर आला तर तो सेल बांधायचे कष्ट घेऊ नका.

आणि आता एका ग्राफची गोष्ट. दुसऱ्या वर्षी दोन्हीकडे जस्त असलेला माझा एक सेल थांबायचं नावच घेईना. व्होल्टेज साठ मिलिव्होल्टवरून एका रात्रीत विसावर उतरलं, आणि मग हजार तास सरळ पट्टी मारल्यासारखी रेघ. मी गाईडना दाखवला, पेढे वाटायचेच बाकी होते. एका सीनियरने फक्त विचारलं, "ईआयएस केलंस का?" म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेची वीज देऊन सेलचा रोध तपासणं. केलं. चांगल्या सेलच्या आलेखात दिसणारं अर्धवर्तुळ गायब, नुसता रोध. सेल हजार तास जिवंत नव्हता, हजार तास आतून शॉर्ट होता. काट्यांचा बारीक पूल पडला होता आणि वीज त्यावरून आरामात ये-जा करत होती. याला सॉफ्ट शॉर्ट म्हणतात. पूल पडला की व्होल्टेज खाली येतं आणि ग्राफ देखणा होतो! तेव्हापासून एखादी रेघ फार सुंदर आली की मी आधी तिच्यावरच संशय घेते, दुसऱ्यांच्या पेपरातली असली तरी.

दुसरा हिशोब पाटीवर करता येतो. दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिअँपिअर-तास म्हणजे जस्ताचा जेमतेम १.७ मायक्रॉन थर. फॉइल १०० मायक्रॉनची असेल तर दर फेरीत तुम्ही पावणेदोन टक्केही धातू वापरत नाही. उरलेला साठा खड्डे भरत राहतो आणि कोटिंगचं नाव होतं. म्हणून जस्तासमोर तांब्याचा पत्रा ठेवून सेल लावा आणि कूलॉम्बिक एफिशिएन्सी मोजा, म्हणजे तांब्यावर चढवलेल्या जस्तापैकी किती परत मिळालं ते. ती ९९ टक्के आली म्हणून खूश होऊ नका, ०.९९चा शंभरावा घात काढा, ०.३७ येतो. शंभर फेऱ्यांत जवळजवळ दोन तृतीयांश जस्त संपलं.

कोटिंगचे तीन सेल लावले तर त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या द्रवात, उघड्या जस्ताचेही तीन लावा. उघडं जस्त मुद्दाम वाईट बांधून आपला थर चांगला दाखवणारे भेटतील. तसं करू नका, दोन वर्षांनी तुमचाच ज्युनिअर तो प्रयोग पुन्हा करणार असतो.

प्रवेशाचं थोडक्यात: नेट किंवा गेट, शिवाय मुलाखत. केंद्राची जेआरएफ (संशोधकाची शिष्यवृत्ती) २०२३ पासून महिना ३७,००० आहे, घरभाडं वेगळं. संस्था म्हणाल तर पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर, मुंबईत आयआयटी, तमिळनाडूत कराईकुडीची सेक्री ही संस्था तर विद्युत-रसायनशास्त्रालाच वाहिलेली. शिवाजी विद्यापीठातून पातळ थरांचं काम शिकून आलेली मुलं इथे लवकर रुळतात, कारण बीकरसमोर तासन्‌तास उभं राहायची सवय असते. त्यांतली कित्येक पुढे कोरियाला पोस्ट-डॉकला जातात. मुलाखतीत कुठलं भारी कोटिंग सुचवता यापेक्षा तुमचा शेवटचा सेल का मेला हे सांगता आलं तर जास्त वजन पडतं.

यंदा आमच्याकडे एक नवा मुलगा आला. त्याला मी महिनाभर फक्त उघडं जस्त दिलं, कोटिंगला हात लावायचा नाही. तोंड वाकडं करून बसला. परवा त्याने पहिला मेलेला सेल उघडला. काचतंतूंचा सेपरेटर जस्ताला चिकटलेला, चिमट्याने ओढला तर अर्धा फाटून हातात आला, खाली करड्या शेवाळासारखं जस्त.

"ताई, याचा फोटो काढू?"

"काढ. आणि डबीवर तारीख घाल, टाकू नकोस."